लेखी असेल तर हलतो

आमच्या खालच्या खोलीतल्या आप्पांना त्यांच्या जागेवरून हलवील असा माणूस अजून जन्माला यायचा आहे. रेल्वेनं त्यांना निवृत्त केलं, पण तेसुद्धा आप्पांनी निवृत्तीचा कागद तीनदा वाचून घेतल्यावरच मान्य केलं. कागदावर तारीख होती, वेळ नव्हती. म्हणून बदली माणूस येऊन बसल्यावरही ती तारीख संपेपर्यंत आप्पा त्याच्या शेजारी स्टुलावर बसून राहिले. तीस वर्षं ते दौंडच्या आसपासच्या फाटकांवर गेटमन होते, आणि फाटकाचा पहिला नियम असा, की बदली माणूस येऊन सही करीपर्यंत जागा सोडायची नाही. हा नियम त्यांच्या रक्तात इतका मुरला होता, की यवतला एका लग्नात कुणीतरी त्यांना "आप्पा, एवढी खुर्ची धरा, मी आलोच" म्हणून गेला आणि तसाच मोटारसायकलवर बसून घरी निघून गेला, तेव्हा आप्पा त्या खुर्चीवर हात ठेवून तासन् तास बसले. नवरा-नवरी गेली, वऱ्हाड गेलं, मांडववाल्यानं खुर्च्या एकावर एक रचायला घेतल्या. शेवटची खुर्ची आप्पांच्या हाताखालची. ती त्यांनी मांडववाल्याला दिली, पण वहीवर त्याची सही घेऊन.

त्यांच्या फाटकावर एकदा नवरदेवाची गाडी अडकली होती. मुहूर्त टळत चाललेला, मालगाडीचा पत्ता नाही, दोन्ही बाजूचे रूळ डोळ्यांना दिसतील तिथवर मोकळे. नवरदेव स्वतः उतरून बाशिंगासकट हात जोडून उभा राहिला. आप्पांनी त्याला सावलीत बसवलं, माठातलं पाणी दिलं, आणि म्हणाले, "तुमचा मुहूर्त भटजीकडं, माझा मुहूर्त स्टेशन मास्तरकडं. दोघं बी आपापल्या जागी बरोबर हाईत." वरून फोन येईपर्यंत फाटक उघडलं नाही. पुढं त्या नवरदेवाचा संसार चांगला झाला आणि तो दरवर्षी आप्पांना संक्रांतीचा तिळगूळ आणून देई, असं आप्पा सांगत. खरंखोटं मला माहीत नाही. त्याची सही काही मी पाहिली नाही.

फाटकावर आणखी एक रीत असते. स्टेशनातून फोन येतो, अमुक गाडी सोडतोय. गेटमन ते शब्द जसेच्या तसे परत म्हणून दाखवतो, फाटक बंद करतो आणि आपल्याकडच्या छापील कागदावरचा एक गुप्त नंबर स्टेशन मास्तरला देतो. वेळ आणि नंबर दोघंही वहीत लिहितात. पुढं काही झालंच, तर कोण काय बोललं यावर वाद घालायला जागा नाही. आप्पांनी ही रीत घरीही चालू ठेवली होती. काकूंनी "अर्धा किलो वांगी आणा" म्हटलं, की आप्पा "अर्धा किलो वांगी" असं परत म्हणत, काकू सवयीनं "सदतीस" असा काहीतरी आकडा फेकत, आणि वहीत नोंद होई. एवढं करून आप्पा कधी वांग्यांऐवजी दोडकी घेऊन आले, तर काकू वही उघडून त्यांच्यासमोर धरत. अशा वेळी आप्पा निमूटपणे पिशवी उचलून पुन्हा बाजारात जात. नियम दोन्हीकडून पाळावा, याबद्दल त्यांचं काहीच म्हणणं नसे.

या वहीनं माझा संसार एकदा मोडायचाच बाकी ठेवला होता. मी शिरूरला शाळेत मराठी शिकवतो, बायको दौंडला नोकरी करते, त्यामुळं बिऱ्हाड दौंडला आणि मी रोज न्हावऱ्यावरून एसटीनं जा-ये करणारा. एका संध्याकाळी आम्ही शाळेतले चार मास्तर एका ढाब्यावर जमलो. बायकोचा फोन लागेना, म्हणून मी आप्पांना फोन करून निरोप दिला, की एसटी बिघडली आहे, उशीर होईल. आप्पांनी निरोप परत म्हणून दाखवला, मी आकडा दिला, बावन्न. घरी आलो तेव्हा बायको दारातच उभी होती आणि आप्पा शांतपणे वही वाचत होते, "अठरा वाजून पन्नास मिन्टं. सरांचा फोन. निरोप, एसटी बिघडली. मागनं आवाज, दोन मटन थाळी, एक शेवभाजी, कांदा जादा. नंबर बावन्न." मी त्यांच्याकडं असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर खजील झाला असता. आप्पा म्हणाले, "सर, मी काय बी जोडलं न्हाई. आलं तसं लिवलं."

आमचं घर म्हणजे रेल्वेच्या अलीकडं, बाजाराच्या मागं, खाली दोन आणि वर दोन बिऱ्हाडांची एक साधी स्लॅबची इमारत. समोर छोटं अंगण, त्याला लोखंडी गेट. जुने मालक आबा होते तोवर सगळा व्यवहार तोंडी. पहिल्या तारखेला आबा यायचे, चहा प्यायचे, भाडं कोपरीच्या खिशात टाकायचे आणि पोरांच्या अभ्यासाची चौकशी करून जायचे. आप्पा बावीस वर्षं तिथं राहत होते आणि त्या सगळ्या काळात त्यांची आबांबद्दल एकच तक्रार होती, की पावती मिळत नाही. आबा हसायचे. "आप्पा, माझा शब्द म्हंजी पावती." आप्पा म्हणायचे, "व्हय, पर शब्दाला तारीख नसती." मग स्वतःच वहीत लिहायचे आणि आबांपुढं वही धरायचे. आबा कौतुकानं सही ठोकायचे. बावीस वर्षांच्या सह्या, एकही महिना सुटलेला नाही. मी वरच्या मजल्यावर नऊ वर्षं, माझ्याकडं एकही सही नाही. मला वाटायचं, हे म्हाताऱ्याचं खूळ आहे.

आबा गेले आणि धाकटे मालक आले. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. बाजूच्या दोन्ही इमारती पडून तिथं गाळ्यांची कॉम्प्लेक्स उठली होती, आणि आपलीच जागा तेवढी मागं राहिली, हे त्याच्या डोक्यात बसलं होतं. दिवाळीच्या पुढच्या महिन्यात मी भाडं द्यायला गेलो, तर धाकटे मालक म्हणाले, "राहू द्या सर, घाई काय हाय." पुढच्या महिन्यातही तेच. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, की बापाचा दिलदारपणा पोरात पुरता उतरला आहे. मी तर त्या आनंदात लेकीला घड्याळ घेऊन दिलं. आप्पांना सांगितलं, तर त्यांचा चेहरा असा झाला, जणू लांबून शिट्टी ऐकू आली.

"सर, मालक भाडं घेत न्हाई म्हंजी गाडी सुटली हाय," ते म्हणाले. "आता चार महिन्यांनी म्हनंल, यांनी भाडंच दिलं न्हाई. तवा तुम्ही काय दावणार, घड्याळ?"

दुसऱ्याच दिवशी त्यांनी पोस्टात जाऊन मालकाच्या नावानं भाड्याची मनीऑर्डर केली. ती 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत आली. आप्पा इतके खूश झाले की काकूंनी विचारलं, कुणाचं लग्न ठरलं का. पुढच्या महिन्यात पुन्हा मनीऑर्डर, पुन्हा नकार. आप्पांनी ते शेरे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बासनात बांधले. मला म्हणाले, तुम्ही पण करा. मी म्हणालो, बघू. माझ्या आयुष्यातली निम्मी संकटं या 'बघू'नं आणली आहेत. उरलेली निम्मी सहीनं.

सहीचं असं झालं. जानेवारीत धाकट्या मालकांनी आम्हा भाडेकरूंना पाटसच्या बाजूला असलेल्या त्यांच्या शेतावर हुरडा खायला बोलावलं. आता हुरडा म्हटल्यावर माझी बुद्धी निम्मी राहते. आगटीतून काढलेली गरम कणसं, तळहातावर चोळून दिलेले हिरवे दाणे, शेंगदाण्याची चटणी, गूळ, वर दही. मी चार माणसांचा खाऊन पाचव्याच्या वाटणीकडं पाहत होतो, तेवढ्यात मालकांचे मेहुणे एक कागद आणि पेन घेऊन आले. "सर, नळाचं नवीन कनेक्शन घेतोय, सगळ्यांची संमती लागती. एवढी सही." माझे दोन्ही हात राखेनं काळे. मी तो कागद मांडीवर ठेवला, उजव्या हातानं सही केली आणि डाव्या अंगठ्यानं तो उडू नये म्हणून दाबून धरला, त्यामुळं सहीशेजारी एक सुंदर काळा ठसाही उठला. रोज फळ्यावर मी स्वतःच्या हातानं लिहितो, 'खालील उतारा काळजीपूर्वक वाचा.' पण उताऱ्यासोबत शाळेत हुरडा नसतो.

मग मेहुणे आप्पांकडं वळले. आप्पांनी आधी बादलीत हात धुतले. मग धोतराला पुसले. मग चष्मा काढला, तो पुसला, लावला आणि म्हणाले, "मोठ्यानं वाचा. मी ऐकतो, मग मी वाचतो, तुम्ही ऐका." मेहुणे म्हणाले, आप्पा, जेवण होऊ द्या, मग निवांत बघू. आणि कागद घडी घालून जो खिशात गेला तो परत बाहेर आला नाही. परत येताना टेंपोत आप्पांनी मला विचारलं, कागदात काय होतं. मी म्हणालो, नळाचं. त्यांनी विचारलं, वाचला का. मी बाहेरच्या उसाकडं बघत राहिलो. आप्पांनी वही काढली आणि हलत्या टेंपोत काहीतरी लिहिलं. मला वाटलं, किती कणसं खाल्ली ते लिहीत असतील.

आठ दिवसांनी वकिलाची नोटीस आली. मी राजीखुशीनं खोली सोडायचं लिहून दिलं आहे आणि फेब्रुवारीच्या पंधरा तारखेच्या आत जागा रिकामी करावी. सोबत माझ्या सहीची प्रत, शेजारी अंगठा. माझ्या लेकीची दहावीची परीक्षा त्याच महिन्यात. ती आतल्या खोलीत भूमितीची प्रमेयं पाठ करत होती आणि बायको बाहेरच्या खोलीत नोटीस वाचत होती. वाचून झाल्यावर तिनं मला एवढंच विचारलं, "हुरडा चांगला होता का?" नंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी नळाचं पाणी बंद झालं. मालक म्हणाले, मोटर जळाली. शेजारच्या दोन्ही बिऱ्हाडांतली मंडळी आठवड्याभरात सामान बांधून निघून गेली. मी सुद्धा गुपचूप यवतला एक खोली बघून आलो. तिथून लेकीला परीक्षेला दौंडला कसं आणायचं याचा विचार करत रस्त्यावर उभा राहिलो, आणि खरं सांगायचं तर मला रडू आलं. चाळिशी उलटलेल्या माणसानं रस्त्याच्या कडेला उसाच्या रसाचा ग्लास हातात धरून रडू नये. रसवाल्यानं विचारलं, आलं जास्त झालं का.

हे सगळं आप्पांना सांगितलं, तेव्हा त्यांनी मला रागावण्याऐवजी पाण्याची घागर हातात दिली. कोपऱ्यावरच्या बोअरवरून रोज पाणी आणायचं, त्याच्याही वेळा वहीत. दुसऱ्या दिवशी ते मला एका वकील मुलीकडं घेऊन गेले. आप्पांच्या फाटकावरच्या जोडीदाराची ती मुलगी, भीमनगरात वाढलेली, आता दौंडच्या कोर्टात उभी राहणारी. तिनं नोटीस वाचली, अंगठा पाहिला, हसू दाबलं. मग म्हणाली, "सर, सही असली तरी हाताला धरून बाहेर काढायचा हक्क मालकाला नाही. कोर्टाचा हुकूम लागतो. पाणी तोडायचाही हक्क नाही. तुम्ही फक्त एक करा. घर सोडू नका." मी म्हणालो, बघू. आप्पांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी तो शब्द परत गिळला आणि त्याच दिवशी पोस्टात जाऊन थकलेल्या सगळ्या महिन्यांची मनीऑर्डर केली.

मला जबरदस्तीनं काढू नये असा अर्ज कोर्टात गेला, तारीख पडली ती सोळा फेब्रुवारी. आणि पंधराला सकाळी गेटासमोर टेंपो उभा राहिला. धाकटे मालक, मेहुणे आणि दोन हमाल. मी वरून खिडकीतून पाहिलं आणि माझा धीर सुटला. लाज सोडून सांगतो, मी गादी गुंडाळली, दोरीनं बांधली, खांद्यावर घेतली आणि जिना उतरू लागलो. कुणी उचलून फेकण्यापेक्षा आपणच न्यावी, असा माझा स्वाभिमानी विचार होता. खाली आलो, तर अंगणात आप्पा. गेट आतून बंद, कडीला कुलूप, समोर स्टूल, मांडीवर वही. अंगात फाटकावरचा जुना निळा शर्ट, इस्त्री केलेला. त्यांनी मान न वळवता मला म्हटलं, "सर, ती गादी वर न्या." मी पायरीवरच थांबलो. गादी खांद्यावरच राहिली.

मालक म्हणाले, "आप्पा, गेट उघडा. तुमच्याशी भांडण न्हाई. सरांचं सामान काढायचंय, त्यांनी लिहून दिलंय."

"उघडतो की," आप्पा म्हणाले. "कोर्टाचा हुकूम दाखवा. कागद बघतो, फाटक उघडतो."

मालक म्हणाले, माझंच घर, मला कोर्ट कशाला. बाजारातली माणसं थांबू लागली होती. भाजीवाल्या बायका पाट्या खाली ठेवून बघत होत्या. आप्पांनी घड्याळ पाहिलं आणि वहीत लिहीत लिहीत मोठ्यानं वाचायला लागले, अगदी स्टेशन मास्तरचे शब्द परत म्हणून दाखवावेत तसं. "नऊ वाजून बारा मिन्टं. मालक म्हणत्यात, कोर्टाचा हुकूम न्हाई. तरी सरांचं सामान रस्त्यावर काढणार. घरात पोरीची धाव्वीची परीक्षा. पाणी एकवीस दिवस बंद. बरोबर लिवलंय का मालक? काय चुकलं आसंल तर सांगा, दुरुस्त करतो."

मालकांनी जमलेल्या माणसांकडं पाहिलं. आपलेच शब्द असे भर रस्त्यात, शांत आवाजात, परत ऐकायला मिळाले, की माणसाला ते आपले वाटत नाहीत. आप्पांनी गेटच्या गजांमधून वही बाहेर धरली. "मग हितं सही करा. आन् ह्ये दोघं भाऊ, तुमची नावं सांगा, साक्षीदार म्हणून लिवतो." त्यातला एक हमाल लगेच टेंपोत जाऊन बसला. दुसरा म्हणाला, "आप्पा, आपलं नाव नको बरं का. आपण नुसतं सामान उचलतो." मेहुण्यांनी गेटला हात घातला, तेव्हा मालकांनीच त्यांचा हात धरला. "चल," ते म्हणाले. टेंपो सुरू झाला. मी गादीसकट पायरीवर बसलो. वरच्या खिडकीतून माझी बायको म्हणाली, "आता ती गादी आणता का वर, का तिथंच झोपणार?" पंधरवड्यात तिनं माझ्याशी बोललेलं ते सगळ्यात गोड वाक्य.

दुसऱ्या दिवशी कोर्टात आमच्या वकील मुलीनं मनीऑर्डरचे शेरे दाखवले, बावीस वर्षांच्या आबांच्या सह्या दाखवल्या, आणि मग माझ्या सहीचा विषय निघाल्यावर आप्पांच्या प्रतिज्ञापत्रासोबतचं वहीचं पान मोठ्यानं वाचलं. "तेरा वाजून पंचवीस मिनिटं. हुरडा चालू. मालकांच्या मेहुण्यांनी सरांकडून कागदावर सही घेतली. सांगितलं, नळासाठी. सरांनी कागद वाचला नाही. सर खाण्यात गुंग. हात काळे." सगळं कोर्ट माझ्याकडं वळलं. समोरचा वकीलही. शिरूरच्या शाळेतल्या माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील तिथं कसल्यातरी कामासाठी आले होते, त्यांनी मला नमस्कार केला. एवढा मोठा माझा सत्कार त्याआधी किंवा नंतर कधी झालेला नाही. पण मनाईहुकूम मिळाला. कायदेशीर मार्गाशिवाय कुणालाही बाहेर काढायचं नाही आणि पाणी ताबडतोब सुरू करायचं. संध्याकाळी नळाला पाणी आलं. लेक बादली भरत असताना आप्पा शेजारी उभे राहून वेळ लिहीत होते.

पुढच्या महिन्यापासून धाकट्या मालकांनी भाडं घेतलं आणि पावती दिली. पहिली पावती लिहिताना त्यांचा हात जड झाला होता. आप्पांनी पावती दोनदा वाचली आणि म्हणाले, "अक्षर आबांवर गेलंय." मालक चहा पिऊन गेले. दुसऱ्या महिन्यातही प्यायले. दावा चालूच राहिला, तारखा पडत राहिल्या, आणि तारखेला जाताना मालक आप्पांना आपल्या मोटारसायकलवर मागं बसवून नेऊ लागले.

आणि मग एके दिवशी आप्पांनीच मालकांच्या हातात अर्ज ठेवला. काकूंचे गुडघे गेले होते, बाजूच्या बोळातून बाहेरच्या संडासापर्यंत जाणंही त्यांना होईना. न्हावऱ्याला लेकीचं घर, सगळं एका पातळीवर, दारात गाई. आजपासून एक महिन्यानं खोली सोडतो, असं त्यांनी लिहिलं होतं. मी चिडलो. म्हणालो, आप्पा, एवढं भांडून मिळवलं आणि आता सोडून देताय? ते सामानाच्या ट्रंकेला कुलूप लावत होते. म्हणाले, "सर, मला काढलं आन् मी गेलो, ह्यात फरक हाय. त्या फरकासाठी भांडलो. खोलीचं काय, खोली हाय तिथंच राहील."

आता माझी एसटी रोज न्हावऱ्याला पाच मिनिटं थांबते. बहुतेक वेळा आप्पा स्टँडवर येतात, खिडकीतून दुधाची किटली देतात, लेकीच्या कॉलेजची चौकशी करतात, दाव्याची पुढची तारीख विचारतात. मागच्या आठवड्यात त्यांनी विचारलं, खाली कोण राहायला आलं. मी म्हणालो, कुणीच नाही. आप्पांनी किटलीचं झाकण दाबून बसवलं. मग म्हणाले, "मालकाला सांगा, बंद ठेवू नको म्हणावं. भिताडं खराब व्हत्यात. घराला माणूस लागतं."

मी मालकांना तसं सांगितलं. ते अंगणात उभे होते, खालच्या खोलीची किल्ली त्यांच्याच हातात होती. म्हणाले, "गिऱ्हाईक रोज येतंय सर. देऊ वाटत न्हाई. आप्पांना म्हणावं, काकूंना बरं वाटलं तर मी आतच संडास बांधून देतो." हा निरोप माझ्याकडं गेले चार दिवस पडून आहे. रोज न्हावऱ्याला बस थांबते, आप्पा किटली वर देतात, काकूंना आता जरा चालता येतंय म्हणून सांगतात, आणि मी किटली घेऊन निरोप न देताच पुढं जातो. आप्पा नाही म्हणाले तर काय, एवढंच मला सुचत राहतं.